कॅम्पबेलांच्या टोप्या

स्कॉटलंडमधल्या पर्थच्या सभागृहात शिशाच्या चिमुकल्या सैनिकांच्या लढाया खेळायला मांडल्या होत्या. चहाच्या रांगेत माझ्यापुढे एफी कॅम्पबेल आणि तिचा थोरला भाऊ मर्डो उभे होते. तिच्या हातात सैनिकांचा ट्रे होता.

"एफी, आपल्या कॅम्पबेलांच्या टोप्यांवर पांढऱ्या फितीची फुलं?"

"हिवाळाभर रंगवलीत, दादा. छान दिसतात ना?"

"अगं, पांढरं फूल बंडखोरांचं. आपले पूर्वज राजाकडून लढले, त्यांचं काळं."

"नखाएवढ्या टोपीत कोण बघतंय?"

"कलोडनच्या लढाईत दोन्हीकडे तीच निळी टोपी, तेच चौकड्यांचे कपडे. कुणाला कापायचं, ते त्या फुलावरून ठरायचं. आज बंडखोरांकडून मी खेळतोय, म्हणजे तुझी अख्खी पलटण आता मलाच मिळाली."

"मिळते कशी? हा ट्रे धर. पर्समध्ये काजळाची पेन्सिल आहे."

"एफी, डाव सुरू होतोय."

"तू हात हलवू नकोस. हा झाला. हाही झाला."

"अगं, शोभतंय की. अगदी खरं वाटतंय. पण एकाचं तरी पांढरं राहू दे."

"का म्हणून?"

"घराणं म्हटलं की त्यात एखादा फितूर असायचाच."

"तो माझा ट्रे धरून उभा आहे की, दादा."