विल्फचा बिल्ला

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा हॅनाबाई ब्यूशर, सत्कारमूर्ती कप्तान जोस मॉसप, ज्यांनी चॅपेलचा हा हॉल दिला ते पाद्रीसाहेब, आणि चहा संपला तरी खुर्ची न सोडणाऱ्या माझ्या गाववाल्यांनो,

जोस उद्या मुलीकडे राहायला चाललाय आणि सोमवारी शेजारची आपल्या क्लबची इमारत पाडणार आहेत. एकाच चहात दोन निरोप! जोस, तुझा चिक्कूपणा काही गेला नाही.

आपला ब्रॅकरिग क्लब टिकला जेमतेम तीन हंगाम. आठवडाभर समुद्राखालच्या खाणीत कोळसा फोडायचा आणि शनिवारी चार पैशांसाठी रग्बी लीग खेळायची. हरण्यात आमचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण खाणीत उतरलेल्याचा बिल्ला तो वर येईपर्यंत फळीवर टांगलेला राहतो, ती शिस्त मैदानावर आणली जोसनं. सामन्याआधी तो आम्हा तेराजणांचे पितळी बिल्ले क्लबच्या कपडे बदलायच्या खोलीत फळीवर अडकवायचा. परतल्यावर ज्यानं त्यानं आपला बिल्ला आपल्याच हातानं काढायचा. फळी रिकामी झाली की जोस ओरडायचा, “सगळे वर?” आम्ही म्हणायचो, “वर!” मगच दाराला कुलूप.

तिसऱ्या हंगामात खाणीचं छत कोसळलं. विल्फ, हॅनाबाईंचा धाकटा भाऊ, आतच राहिला. पाणी शिरलं म्हणून तो भाग कायमचा बंद केला. पुढचा सामना आम्ही बाराच जण खेळलो. विल्फच्या जागी उभं राहायची छाती कुणाची होती? आणि जोसनं, सवयीनं, तेराही बिल्ले अडकवले.

आम्ही परतलो. बारा उतरले, एक राहिला. जोस तो काढायला गेला, तर दारात हॅनाबाई.

“राहू दे, जोस. दार लावू नकोस. तो यायचाय अजून.”

त्यानंतर आमच्या अंघोळीच्या हौदाचं पाणी खारट लागायला लागलं. पाणी डोंगरावरच्या तळ्याचं, बरं का! पाहुणे संघ म्हणायचे, “तुमचा तेरावा गडी ओल्या बुटांनी फिरतोय, आवरा की त्याला.” आम्ही हसायचो, पण काटा आमच्याही अंगावर यायचा. मग पाहुणे येईनासे झाले. क्लब पैशाअभावी बुडाला असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे.

जोसनं मात्र इतक्या वर्षांत त्या खोलीचं दार कधी लावलं नाही. वादळातसुद्धा जाऊन बघून यायचा. बायको चिडायची, “त्या खोलीशीच लग्न करायचं होतंस!” आता तो चालला, इमारतही पडणार, मग विल्फसाठी दार कुणी उघडं ठेवायचं? याच काळजीनं त्याची झोप उडाली होती. आज दुपारी मला म्हणाला, “चल गड्या, बिल्ला काढून हॅनाच्या हातात देऊ. माझ्यानं एकट्यानं व्हायचं नाही.”

आम्ही गेलो. फळी रिकामी होती. खिळ्यावरून पाणी ठिबकत होतं.

“तू काढलास?” जोसनं विचारलं.

“तुझ्या गळ्याशपथ, नाही.”

जोस बाकावर बसून रडला. मी घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू? मग त्यानं किल्ली काढली आणि “सगळे वर?” ओरडायला उठला. मी म्हटलं, इथं नको, सगळ्यांसमोर विचार.

हॅनाबाई, तुमच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे तुम्ही मघापासून बघताय. ती ओली आहे. मलाही दिसतंय.

केक करणाऱ्या आयाबहिणींचे, पाद्रीसाहेबांचे आणि तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला.

जोस, ऊठ. विचार आता. आणि मंडळी, उत्तराची घाई करू नका. आधी त्याला बोलू द्या.