झऱ्याचा एक मैल

…आणि बाई मला म्हणतात, "थेनकाका, अजून पक्ष्यांची मोजदाद राहिलीय!" आता बोला! तुम्हाला सांगतो, पाइप फुटलेला, झऱ्याचं पाणी हौदापर्यंत येईना, एकशेचाळीस गाई तहानेनं हंबरतायत, मी पाना हातात घेऊन तयार… पण जमीन वॉशिंग्टनची, केंद्र सरकारची! गुरं आमची, पाइप आमच्या आजोबांनी टाकलेला, पण जमीन वॉशिंग्टनची, म्हणजे वीतभर खड्डा खणायचा तरी त्यांच्या इथल्या ऑफिसातल्या ह्या पॅट्रिशियाबाईंची परवानगी. बाई स्वभावानं चांगली हो! पण म्हणणार काय, "आधी जुन्या लोकांची खापरं आहेत का बघू, मग पक्षी बघू, मग लोकांच्या हरकती मागवू." दोन वर्षं! दोन वर्षं मी झऱ्यावरून पिकअपमधून पाणी वाहिलं, कंबर मोडली माझी!

तेवढ्यात उगवले ब्रदर क्लेव, आमच्याच चर्चचे म्हणून ब्रदर, आणि आमच्या राज्याच्या विधानसभेतले. चर्चच्या हॉलमध्ये सभा, मी पहिल्या रांगेत, मांडीवर आमच्या लारूनं केलेली गाजर घातलेली हिरवी जेली. ब्रदर क्लेवनी टेबलावर मूठ आपटली, "तुमच्या गाईला पाणी कोण पाजणार? दोन हजार मैलांवरचा साहेब, की आपली माणसं?" आख्खा हॉल ओरडला, "आपली माणसं!" मीही ओरडलो… जेली सांडली, पण ओरडलो!

लारू कानात पुटपुटली, "अहो, तुमच्या भावाला आपला माणूस म्हणून ट्रॅक्टर दिलात, आला का परत?" बायकांना राजकारणातलं काय कळतं, म्हटलं!

तर मागणी होती, वॉशिंग्टननं इथली सगळी जमीन राज्याला द्यावी, आणि ती अडकली कोर्टात. मग ब्रदर क्लेव म्हणाले, "तोवर एखादा चौरस मैल अदलाबदलीत तर घेऊ! कुठला घेऊ?" आणि उभं कोण राहावं? मीच! नकाशावर ह्या… ह्या बोटानं दाखवला, झऱ्याचा मैल! वॉशिंग्टनला समर्थनाचं पत्रसुद्धा पाठवलं, खाली लफ्फेदार सही. आणि मिळाला की! राज्यानं बदल्यात एक उघडाबोडका कडा दिला आणि झरा झाला आपल्या माणसांचा. मी नवा पाइप विकत आणला.

पाइप अंगणातच पडलेला, आणि पेपरात नोटीस. लिलाव! मी फोन केला, "ब्रदर क्लेव, हे काय?" तर ते शांतपणे, "अरे थेन, राज्याची जमीन शाळांसाठी असते, कायदाच आहे, जास्त बोली लावेल त्याला द्यायची. आणि शाळेतली पोरं कुणाची? आपल्याच माणसांची ना!"

लिलावात मी एकदा हात वर केला, दोनदा केला, तिसऱ्यांदा लारूनं धरून खाली ओढला. घेतला कुणी? शहरातल्या एका हसऱ्या पोरानं, कॉम्प्युटरवर काहीतरी करतो म्हणे, आणि इथं शांततेसाठी आलाय. कुंपण घातलं, फाटकाला कुलूप, आणि पाइप? एका दुपारी बदलला! त्याला कोण विचारणार, पक्षी? आता तिथं तळं केलंय, पाहुणे पाय बुडवून बसतात. माझ्या गाई तारेला नाकं लावून उभ्या, तर मला म्हणतो, "अंकल, जरा लांब बांधता का? वास येतो." अहो, चरायला सोडलेल्या गाई बांधायच्या कुठं!

गेलो पॅट्रिशियाबाईंकडे. म्हटलं, परत घ्या हो तो मैल! बाईंनी फाइल उघडली, चष्मा पुसला. "काका, आम्ही हरकतींची नव्वद दिवस वाट पाहिली. आख्ख्या व्हॅलीतून एकच पत्र आलं, आणि तेही समर्थनाचं…" पुढं वाचू नका म्हटलं.

ऑगस्टमध्ये गाई विकल्या. पाण्यावाचून मारायच्या होत्या का? शेवटची म्हातारी ट्रकवर चढेना, माझ्याकडेच वळून यायची सारखी. खोटं कशाला सांगू, रडलो मी.

आणि परवा ब्रदर क्लेवचा फोन! "थेन, राजधानीत सुनावणी आहे, उरलेली सगळी जमीन मागायचीय. वॉशिंग्टननं बुडवलेला एक गुरंवाला हवाय बोलायला." म्हटलं, ब्रदर, मला बुडवलं कुणी… "अरे, तपशिलात कशाला शिरतोस? शेवटी मागतंय कोण? आपलीच माणसं!"

जातोय हो उद्या. गाई गेल्यापासून दिवसभर मला दुसरं काम तरी काय आहे?