एक्केचाळीस नंबर

बाबा : कोटाचे खिसे कोणी उलटे केले? कात्रीशी खेळत बसू नकोस, सांग.

मुलगी : कोणी नाही.

बाबा : तीस वर्षं टेलरकी केली. अस्तर परत कोंबलंय, हे मला कळणार नाही?

मुलगी : मीच केले. तंबाखूची पुडी शोधत होते.

बाबा : सोडून चौदा महिने झाले! आणि काय सापडलं?

मुलगी : निकोटिनचं च्युइंगगम. डॉक्टरांनी दिलेलं.

बाबा : पोटच्या पोरीने माझी झडती घ्यावी! का?

मुलगी : तंबाखू सोडलेल्यांची लघवी एका अभ्यासासाठी आमच्या लॅबमध्ये तपासायला येते, तुमचीही. बाटलीवर नाव नसतं, नुसता नंबर. पण एक्केचाळीस नंबरच्या झाकणाला दोरा करकचून गुंडाळलेला आणि वर तुमची गाठ.

बाबा : सांडू नये म्हणून बांधला.

मुलगी : त्या बाटलीत कॅन्सर करणारं रसायन निघालं. तंबाखूत असतं, तेच. साहेब म्हणाले, हा गडी चोरून खातोय, यादीतून उडवा.

बाबा : आणि तुला पटलं.

मुलगी : एक दुपारभर पटलं. लाज वाटते मला, बाबा.

बाबा : वाटू दे. पण मी खात नाही, तर ते आलं कुठून?

मुलगी : बहुधा तुमच्या पोटातच तयार झालं.

बाबा : पोटात? तिथे काय कारखाना काढलाय मी?

मुलगी : तसंच समजा. गममधल्या निकोटिनबरोबर त्याचा एक भाऊबंद किंचितसा येतो. आपल्या लाळेत नायट्राइट असतं. पोटातल्या आंबटात दोघांची गाठ पडली, की हे तयार होऊ शकतं. सगळ्यांच्यात नाही, रोजही नाही.

बाबा : म्हणजे कापड बाहेरचं, शिलाई घरची! मग गम फेकू?

मुलगी : मनाने काही करू नका. तंबाखूच्या मानाने हे फारच थोडं आहे. गम कसं कमी करायचं ते डॉक्टरांना विचारू. तंबाखूकडे मात्र बघायचंसुद्धा नाही.

बाबा : ते नको शिकवू. तुझ्या साहेबांना कसं पटवणार?

मुलगी : पटलंय. तंबाखू खाल्ली की आणखी दोन पदार्थ लघवीत उतरतात, गममुळे ते येत नाहीत. म्हटलं, ते तपासा. साहेब म्हणाले, एका खोटारड्यासाठी एवढा खटाटोप कशाला? मग मी सांगून टाकलं, तो माणूस माझा बाप आहे.

बाबा : भर लॅबमध्ये?

मुलगी : सगळ्यांसमोर. आपल्या माणसाचा नमुना आपण तपासायचा नसतो, म्हणून मला त्या कामातून काढलं. दुसरीने तपासलं. ते दोन्ही पदार्थ औषधालासुद्धा नव्हते.

बाबा : म्हणजे एक्केचाळीस नंबर खरा!

मुलगी : खरा. त्याच्यामुळे तर नवीन गोष्ट हाती लागली, असं साहेबच म्हणाले. अहवालात येणार आहे.

बाबा : आणि तुझं नाव?

मुलगी : कामातून काढलं ना, माझं नाही येणार.

बाबा : दोन वर्षं राबलीस त्यावर.

मुलगी : तुम्हाला खोटारडं म्हणत होते, बाबा.

(बाबांचं शिलाई मशीन थांबतं.)

बाबा : उद्या येईल त्या गिऱ्हाइकाला सांगणार, एक्केचाळीस नंबर म्हणजे मी.

मुलगी : नको! नंबर गुप्त ठेवायचे असतात.

बाबा : बरं. मग मी कोणाचा बाप, एवढंच सांगतो.