आवाज काढणाऱ्याचं नाव

होरेस : ते नका घेऊ, बाई. ठेवा ते खाली. बाहेर सोनेरी अक्षरं आणि आत नुसती हवा.

जॉइस : पण यात फोटो किती छान आहेत, मिस्टर गिबन.

होरेस : फोटोच आहेत! त्या नटाने स्वतःच लिहिलंय. पहिल्या पानापासून आपलीच पाठ थोपटत सुटलाय. तुम्हाला रेडिओच्या त्या जुन्या सोन्याच्या दिवसांवर चांगलं पुस्तक हवं ना? मग ओळखायची खूण सांगतो. शेवटची नावांची सूची उघडायची. तिच्यात आवाज काढणारी माणसं आहेत का बघायचं. दारं आपटणारे, घोडे पळवणारे, पत्र्याचा पाऊस पाडणारे. नसतील तर पुस्तक परत फळीवर.

अल्बिना : मला तसलंच हवंय.

होरेस : कसलं?

अल्बिना : ज्यात ती माणसं आहेत.

जॉइस : माझे वडील त्यातलेच, मिस्टर गिबन. रुडी वोंड्राक. पंधरा वर्षं शिकागोच्या स्टुडिओत आवाज काढायचे. गेल्या महिन्यात गेले.

होरेस : अरेरे. वाईट झालं हो.

अल्बिना : हं.

जॉइस : प्रार्थनेच्या वेळी फादर म्हणाले, "या सज्जन माणसाने सर्माक रोडवर उभा जन्म फ्रिज आणि टेलिव्हिजन विकले." संपलं! रेडिओचं अवाक्षर नाही. चूक माझीच. फादरनी मलाच विचारलं होतं, काय काम करायचे म्हणून. मी आपलं पटकन दुकानाचं सांगून टाकलं. तेव्हापासून आईने एकच धरलंय, त्यांचं नाव छापलेलं एखादं पुस्तक शोध. दुसरं काही बोलतच नाही ही. जेवायला वाढलं तर जेवते, नाही वाढलं तर तशीच बसून राहते.

अल्बिना : यांना कशाला सांगतेस हे?

जॉइस : मग कुणाला सांगू? तू ऐकतेस का?

अल्बिना : ऐकते की.

होरेस : रेडिओवर आवाज काढणाऱ्यांची नावं सांगायची पद्धतच नव्हती, बाई. ज्या साबणाच्या पैशावर कार्यक्रम चालायचा त्याचं नाव पाच वेळा घ्यायचे, यांचं एकदाही नाही. तुम्ही स्वतः कधी गेला होता का स्टुडिओत?

जॉइस : गेली होती का? अहो, ती बाळ होती!

होरेस : म्हणजे?

जॉइस : दुपारी ती मालिका लागायची ना, डॉक्टरच्या विधवेची? तिचं तान्हं बाळ रडायचं ना? ते माझी आई रडायची.

होरेस : देवा रे देवा! ते बाळ तुम्ही? बसा बसा, ही खुर्ची घ्या. थांबा, मांजराला उठवतो. ऊठ गं! माझ्या आईने त्या बाळासाठी मोजे विणून पाठवले होते, खरंच सांगतो. निळे. आणि ते बाळ माझ्या दुकानात येतं!

अल्बिना : पुष्कळ मोजे यायचे. आम्ही अनाथाश्रमात द्यायचो.

होरेस : उशीत तोंड खुपसून रडायचात ना? असं वाचलंय मी.

अल्बिना : हो. म्हणजे माइकला धक्का बसत नाही.

होरेस : आणि खरे अश्रू यायचे?

अल्बिना : छे. खरं रडू आलं की गळा आवळतो, आवाज मोठ्या बाईचा होतो. बाळाचा गळा मोकळा असतो. आत काही येऊ द्यायचं नाही, की जमतं.

जॉइस : बघा! परक्यांचं पोर म्हणून वर्षानुवर्षं रडली. साबण खपावा म्हणून रडली. आणि नवऱ्याच्या शवपेटीशी उभी राहिली ती ठोकळ्यासारखी. मावशी म्हणत होती, हिला काही वाटतं की नाही?

अल्बिना : मलाही कळत नाही, वाटतं की नाही ते. सगळं दुसऱ्याच्या घरात चाललंय असं वाटतं. पुस्तक बघ ना तू.

होरेस : मी देतो. शिडी धरा जरा, मुली. वरच्या फळीवर आहे, चांगली पुस्तकं मी वरच ठेवतो. नाहीतर लोक येतात, रंगीत बघून घेऊन जातात आणि मग म्हणतात, रेडिओत काय होतं एवढं. हं, हे घ्या. कागद भिकार, बांधणी त्याहून भिकार. पण कॅन्ससच्या एका मास्तरणीने लिहिलंय. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत बसने फिरून एकेकाला गाठलंय तिने. फोनवरसुद्धा बोललीय लोकांशी. असलं पुस्तक या विषयावर दुसरं नाही.

अल्बिना : सूची बघ.

जॉइस : व... व्हॅन... वॉ... वोंड्राक नाही, आई.

अल्बिना : नीट बघ.

जॉइस : बघितलं. रुडॉल्फ म्हणूनही नाही. त्यांच्या हाताखालचा तो लेस्टर आहे. चार ठिकाणी आहे.

अल्बिना : लेस्टरला बोलायला आवडायचं. चल घरी.

जॉइस : अगं, आणखी पुस्तकं आहेत ना.

अल्बिना : हे सगळ्यांत चांगलं म्हणाले ना हे? याच्यात नाही, तर कुठेच नाही. चल.

होरेस : थांबा हो बाई, एवढं आलात तर तुमचं स्वतःचं तरी बघून जा. बाळावर अख्खं पान आहे. मला पाठ आहे, पण चष्मा लावूनच वाचतो. हं. "लाखो बायांनी ज्या बाळासाठी मोजे विणले, ते बाळ म्हणजे एक तरुण बाई आणि एक उशी. मात्र, ज्या भागात बाळ तापाने फणफणतं आणि आई त्याला घेऊन खिडकीशी रात्र काढते, त्या सगळ्यांत गाजलेल्या भागातलं रडणं बाईचं नव्हतं. ते आधी उतरवून ठेवलेल्या तबकडीवरचं होतं." आता हे मात्र...

जॉइस : काय? खोटं आहे हे! तुम्ही हिला चांगलं पुस्तक म्हणता? आई रोज जायची, ताप असला तरी जायची. पपांचं नाव नाही ते नाहीच, वर आईचंही काढून घेतलं! त्या मास्तरणीला मी पत्रच लिहिते. पत्ता द्या तिचा.

अल्बिना : बरोबर लिहिलंय तिने.

जॉइस : आई?

अल्बिना : त्या दिवशी मी नव्हते रडले. तबकडीच होती.

जॉइस : तू कधी बोलली नाहीस.

अल्बिना : एडीला पुरून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट.

होरेस : एडी कोण?

जॉइस : माझा मोठा भाऊ. माझ्या आधीचा. न्यूमोनियाने गेला, पाळण्यातच होता. आई, तू दुसऱ्या दिवशी कामावर गेलीस?

अल्बिना : भाग आधीच लिहिलेला होता. बाळाला ताप. लिहिणाऱ्याला काय माहीत? बदली कुणी मिळेना, म्हणून गेले. उशी घेतली, लाल दिवा लागला, मला रडायची खूण झाली. मी तोंड उघडलं. आवाजच नाही. सगळा देश ऐकतोय आणि माझ्या तोंडातून वारासुद्धा निघेना. नटी माझ्याकडे बघतेय. आणि एकदम बाळ रडायला लागलं.

जॉइस : पपांनी...

अल्बिना : एडीच्या बाप्तिस्म्याच्या आठवड्यात रुडी त्याला स्टुडिओत घेऊन गेला होता, मित्रांना दाखवायला. पोरगं रडलं. त्यांनी गंमत म्हणून त्याचं रडणं तबकडीवर उतरवलं. मला ठाऊक होतं ते. पण रुडीने ती त्या दिवशी सोबत आणलीय, हे ठाऊक नव्हतं. मी काचेतून बघितलं, तर तो सुईवर वाकलेला. वर बघेना.

होरेस : अरे देवा.

अल्बिना : पश्चिमेकडचं घड्याळ दोन तास मागे, म्हणून तिकडच्या लोकांसाठी दोन तासांनी तोच भाग पुन्हा करायचा असायचा. तेव्हाही त्यानेच रडवलं त्याला. मी उशी धरून उभी. साबणवाल्यांनी कळवलं, आजवर बाळ इतकं सुंदर कधीच रडलं नव्हतं.

जॉइस : मग? पपांना काय म्हणालीस?

अल्बिना : काही नाही. ट्रॅमने घरी आलो. आठवडाभर तो बोलला नाही, मी बोलले नाही. मग एकदाच विचारलं, कुठे आहे ती? म्हणाला, फोडून टाकली. बरं झालं म्हटलं मी. पण राग होताच. माझं पोर जमिनीत आणि याने त्याला कामाला लावलं. हे मी कुणाला सांगितलं नाही, त्याने कुणाला सांगितलं नाही. लेस्टरसुद्धा त्या दिवशी रजेवर होता.

जॉइस : मग या मास्तरणीला कुणी सांगितलं?

अल्बिना : काय?

जॉइस : तू नाही सांगितलंस. लेस्टर नव्हता. मग हिला तबकडीचं कळलं कुठून? मिस्टर गिबन, पुढे वाचा ना. पुढे काय आहे?

होरेस : पुढे... हं. "हे मला शिकागोच्या एका जुन्या आवाजवाल्याने फोनवर सांगितलं. आपलं नाव घालू नका म्हणाला. स्टुडिओचं त्याने एवढंच सांगितलं, बाकी सगळं माझ्या हाताखालच्या सोबत्याला विचारा म्हणाला. बाई त्या दिवशी उभी राहिली हेच पुष्कळ होतं, असं तो दोनदा म्हणाला."

अल्बिना : रुडी.

जॉइस : हो, आई. पपाच.

अल्बिना : दोनदा म्हणाला?

होरेस : दोनदा, असं छापलंय. पुढे आहे अजून. वाचू ना?

अल्बिना : वाचा.

होरेस : "मी विचारलं, ती तबकडी आहे का अजून? तो म्हणाला, आहे, पण आता तिच्यात काही नाही. घरी वाजवून वाजवून नुसती खरखर उरलीय." बरोबर आहे, त्या तबकड्या मऊ लाखेच्या असायच्या. पाच-पंचवीस वेळा सुई फिरली की संपल्या.

अल्बिना : मला म्हणाला, फोडली.

(अल्बिना होरेसच्या हातातून पुस्तक घेते.)

अल्बिना : मी घरात असायचे की. कधी वाजवायचा हा?

जॉइस : रविवारी.

अल्बिना : काय रविवारी?

जॉइस : तू सकाळी चर्चला गेलीस, की पपा तळघरात जाऊन बसायचे. नाश्त्याला बोलवायला मी जिन्यावरून हाका मारायचे, तर खालून नुसती खरखर ऐकू यायची. मी ओरडायचे, अहो पपा, रेडिओचं स्टेशन लावा ना नीट!

अल्बिना : मग?

जॉइस : म्हणायचे, लागलंय गं. नीटच लागलंय.