दोन रेडिओंवर हर्षा

(गार्चिंग, जर्मनी, २००७. पीएचडी करणाऱ्या हर्षाची खोली. आईवडील नागपूरहून आले आहेत. लॅपटॉपवर तिची बीबीसीवरची मुलाखत नुकतीच संपली आहे.)

यादवराव: याला म्हणतात रेडिओ. चार मिनिटं, पाच प्रश्न. पाल्हाळ नाही.

हर्षा: बाबा, माझं एक वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही त्यांनी.

यादवराव: तूच लांबण लावत होतीस. पाण्यातले जंतू किती वेळात ओळखता येतात, एवढंच विचारलं होतं. बत्तीस वर्षं बीबीसी ऐकतोय मी.

गयाबाई: अन् मी बत्तीस वर्षं त्याची खरखर ऐकून राहिली. ते अमेरिकेवालं लाव आता.

हर्षा: ते पब्लिक रेडिओचं आहे, अकरा मिनिटांचं. ती बाई दोन दिवस इथे होती. इथल्या लोकांचं जर्मन 'आल्झो', यू-बान मेट्रो, लॅबचं दार, माझा चहा, सगळ्याचे आवाज घेतले तिने.

यादवराव: चहाचा आवाज कशाला?

हर्षा: बीबीसीवर काय शोधलं ते कळलं. हे लोक कुणी शोधलं तिथून सुरू करतात. आणि बाबा, यात तुमच्याबद्दल आहे. तुम्हाला न विचारता बोलले मी. नको असेल तर नाही लावत.

यादवराव: लाव. (हर्षा लावते. इंग्रजीतून तिचाच आवाज सुरू होतो.)

गयाबाई: अहो, पोरीनं आपल्या वस्तीचं नाव घेतलं. काय म्हणते? मले सांगा न.

यादवराव: थांबव जरा, हर्षा. म्हणते, माझे वडील महापालिकेत होते. मॅनहोलमध्ये उतरायचे. घरी आले की अंघोळ करून रेडिओ लावायचे अन् इंग्रजी वाक्यं वहीत उतरवायचे. त्या वहीवरून मी इंग्रजी शिकले.

गयाबाई: अन् पुढं?

यादवराव: म्हणते, घाण पाणी काय असतं ते मला घरीच माहीत होतं. म्हणून हा विषय घेतला.

हर्षा: रागावलात?

यादवराव: तुझ्या शाळेच्या फॉर्मवर मी 'महापालिका कर्मचारी' एवढंच लिहायचो. पुढचं कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

हर्षा: बीबीसीवाल्यांनीही नाही विचारलं. हिने विचारलं, तर मला लपवावंसं वाटलं नाही.

गयाबाई: कोणता रेडिओ चांगला मग?

यादवराव: बातम्यांना बीबीसीच. पण हे सीडीवर घालून दे मला. युनियनच्या हापिसात ऐकवतो.

हर्षा: तिथे इंग्रजी कुणाला कळणार, बाबा?

यादवराव: मी आहे ना. एकेक वाक्य मराठीत सांगेन.