खिंडीपलीकडचा पाट

नाही नाही भाऊजी, ती पेटी नको — ती माझी, मातीचे नमुने आहेत त्यात. तुमच्या दादाचं सामान तिकडे, खिडकीखाली. बसा आधी. केवढा दम लागलाय तुम्हाला. गाडी खालीच ठेवावी लागली ना? वर चढतच नाही कुणाची. आणि त्याला स्वतःला यायला काय झालं होतं? धाकट्या भावाला धाडलंय कपडे न्यायला — पाय मोडलेत का त्याचे? नाही ना? मग! काय म्हणत होता माझ्याबद्दल? — नको, सांगू नका. मला ऐकायचंच नाही.

घरी सगळे हसत असतील, माहितीये मला. नवराबायको दोघं पुरातत्त्वातले, दोघं शहाणेसुरते, आणि भांडले कशावरून तर एका पाटावरून! पण तो पाट तुम्ही बघितलेला नाही, भाऊजी. ह्या समोरच्या डोंगरात कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी वरच्या ओढ्याचं पाणी वळवलं, कडेकडेनं दगड लावत खाली आणलं आणि पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत सोडलं. आमची निम्मी हयात गेली ते दगड ब्रशनं साफ करण्यात. इथवर आमचं एकमत — एवढ्यावर तरी होतं. पण त्या पाटाचा एक फाटा खिंडीकडे जातो आणि दरडीखाली गडप होतो. पुढे कुठे जात होता तो? मी म्हणते, कुठेही नाही, जास्तीचं पाणी काढून द्यायची सोय, बस. तुमचा दादा म्हणतो, खिंड ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात. म्हणजे काय, ह्या लोकांनी आपलं पाणी शेजाऱ्यांना दिलं — आपणहून! मी म्हटलं, अरे, पाण्यावरून माणसं एकमेकांची डोकी फोडतात, आणि तुझी ही माणसं खडक फोडून पाणी वाटत सुटली होती? तर म्हणतो, लेकी दिल्या असतील पलीकडे. लेकी! पुरावा काय, तर म्हणे, मला वाटतं. वाटतं! मला तर वाटतं तिथे विमानतळ होता — लिहू का तसं अहवालात?

मग ते बैठकीत झालं. तेच ना, ज्याच्यावरून त्याचं तोंड फुगलंय? सगळे बसलेले, आमचे विद्यार्थीसुद्धा, आणि मी — काय एवढं बोलले मी? एवढंच म्हटलं, की ह्यांना जमिनीत पाट कमी आणि सासरमाहेरच जास्त दिसतं. लोक हसले. लोक हसतात, त्याला मी काय करू? इथे आल्यावर, ह्याच खोलीत, टॉवेलची घडी घालता घालता म्हणाला — आवाजसुद्धा चढवला नाही हो, चढवला असता तर बरं झालं असतं — म्हणाला, "कुणी कुणाला उगीच काही देतं, हे तुला पटतच नाही. कधीच पटलं नाही." आणि गेला. आता हे पाटाबद्दल होतं का? तुम्हीच सांगा. रोज सकाळी उठले की माझ्या टेबलावर चहा असायचा. मी धरून चालले, स्वतःसाठी करतो, त्यातलाच उरलेला. परवा स्वतः करायला चहाचा डबा उघडला तेव्हा लक्षात आलं — तो तर चहा पीतच नाही.

हे? काही नाही, फोड आहेत. औषध लावलंय. खणत होते. वर, खिंडीत. — कशाला म्हणजे? त्याला खोटं पाडायला, दुसरं कशाला! दोन मजूर घेतले, दरड उपसायला लागले, म्हटलं एकदाचा खडक लागू दे, फोटो काढते आणि पाठवून देते, बघ म्हणते तुझ्या लेकी.

पाट आहे तिथे, भाऊजी.

तस्साच, दगड लावलेला, आणि तळाचा उतार पलीकडे. मापं पुन्हा घेतली, मजुरांना धरायला लावून पुन्हा घेतली — पलीकडेच. पलीकडच्या उतारावर उतरून बघितलं, तर तिथेही आहे, झुडपांत घुसलेला. आणि संताप कशाचा येतो सांगू? अंदाजानं बरोबर आला तो! मी हाताची सालटी काढून घ्यायची आणि ह्यानं घड्या घालता घालता बरोबर यायचं! तळ मोकळा झाला, ओला गाळ दिसला, आणि मी — मी मागे वळून त्याला हाकच मारली. नाव घेऊन, मोठ्यांदा. मजूर बघतच राहिले माझ्याकडे. कोण होतं तिथे मागे?

हे त्याला सांगायचं नाही. कळलं? शब्दानं नाही. ताडपत्री टाकून ठेवलीय वर, पण फार दिवस उघडं ठेवता येत नाही, कडा ढासळायला लागल्यात. लवकरच माती लोटून बुजवावं लागेल. त्याला बघायचं असेल तर — नाही, काही म्हणू नका. बघायचं त्याचं त्याला कळत नाही का?

चला, उचला ती बॅग. स्वेटर त्यात आहे, चष्म्याची डबी वरच्या कप्प्यात आहे. अहो — ते बूट कुठे घेताय? ते ठेवा. ठेवा म्हणते ना खाली! वर खिंडीत चिखल आहे, चपलेनं चढणार आहे का तो? काय बघताय असे? निघा तुम्ही आता.