थुंकायचं राहिलं

गोड पांढऱ्या पोर्ट वाइनची स्पर्धा आटोपली होती, निकाल लागायचा होता. बसच्या रांगेत दोन म्हातारे परीक्षक पुढे होते आणि आठव्या नंबरची वाइन करणारी बाई कान टवकारून त्यांच्या मागे उभी होती.

“सुवर्णपदक तिसरीलाच ना, दादा?”

“तिलाच. चाखलेला घोट थुंकल्यावरसुद्धा चव रेंगाळत होती.”

“आणि आठवी?”

“तिला भोपळा दिला.”

“एवढी वाईट?”

“अरे, थुंकायचंच विसरलो. न थुंकता गुण द्यायचे नाहीत, असा नियम आहे.”

“मग परत घ्यायचा घोट.”

“घेतला की. तोही गेला.”

“मीसुद्धा गिळलीच. कुणाला सांगू नका.”

बाईने घसा खाकरला. “आठवी माझी.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“बाई, नियमापुढे आमचं काय चालणार?” दादा म्हणाले. “पण उरलीय का थोडी?”